बाईसाहेबीं चिमणी नेली आणि काळा पाटील मारिला, ती हकीकत

श्रीकुलस्वामिनी प्रसन्न. डोंगरास आणि मळ्यास सारखीच सावली धरणारी जी माउली, तिचें स्मरण करून, शके सत्राशें साठ, विलंबीनाम संवत्सर, मार्गशीर्षमासीं एके राज्यांत जें वर्तमान जाहलें तें लिहितों. राज्याचें नांव घेणें प्रयोजन नाहीं. चहूंकडे डोंगर, मध्यें नदी, कांठीं उंसाचे मळे, इतकें पुरें. तेथील सरकार कैलासवासी होऊन वर्ष लोटलें होतें, पोटीं संतान नव्हतें, आणि दत्तविधान होई तोंवर कारभार त्यांच्या स्त्री म्हाळसाबाईसाहेब पाहात होत्या. बाई उंचीनें बेताच्या, बोलणें मोजकें, परंतु नजर ऐसी कीं, समोरच्या माणसानें खोटें बोलावयाचें मनांत आणिलें तर तें मनांतच राहावें. त्यांचे दीर शिदोजीराव शूर, उमदे, आणि मनांतून ऐसें धरून होते कीं, गादी ही मिशीवाल्यानें सांभाळावी. त्या राज्यांत वडिलार्जित चाल ऐसी कीं, सालांतील पहिली शिकार गादीच्या हातची, पहिला बारही गादीचाच. मग दुसऱ्यांनीं बंदुका उचलाव्या. त्या सालीं लोक आपसांत बोलूं लागले, "यंदा पहिला बार कोण टाकणार?" आणि शिदोजीराव तें ऐकून न ऐकिल्यासारखें करीत व मिशीस पीळ देत.

ऐसियांत नांदुरें गांवच्या मळ्यांत एक एकुलगा, कळप सोडून एकटाच हिंडणारा, डुकर माजला. रंगानें काळा, मानेवर आयाळ, आणि दर शेतांतून आपला वांटा घेतल्याविना हलत नसे, यास्तव लोकांनीं त्याचें नांव काळा पाटील ठेविलें होतें. त्याणें सटवाजी मळेकऱ्याची मांडी फाडिली, तेव्हां सटवाजीची बायको कोंडाई थेट सदरेस आली आणि बोलली, "आईसाहेब, ऊंस गेला तर पुन्हा लावूं. नवरा कुठला लावूं? गांवांत आतां मळ्याकडं कुणी पाऊल टाकीना." बाईसाहेब बोलिल्या, "घरीं जा, नवऱ्याचें पथ्यपाणी कर. उद्यां येतों." दिवाण धोंडोपंत चपापून म्हणाले, "येतों म्हणजे, शिदोजीराव जातील ऐसेंच ना?" बाईसाहेबीं म्हटलें, "मी येतों म्हटलें तर मीच येतें, पंत."

दुसरे दिवशीं ऊन वर आलें तेव्हां बाईसाहेब स्नान, देवदर्शन करून बंदूकखान्याच्या चौकांत आल्या, आणि कोणती बंदूक न्यावी हा विचार मांडला. दारोगा फत्तूमियां यांणीं तीन बंदुका जाजमावर मांडिल्या. पहिली तोडेदार, नांव रणगर्जा, पुरुषाहून लांब, कैलासवासी सरकारांच्या हातची. दुसरी जोडनळी, टोपीची, म्हणजे तांब्याच्या टोपींत दारू ठेवून उडवावयाची, नवी कोरी, शिदोजीरावांनीं समुद्रकांठच्या व्यापाऱ्याकडून आणवून वहिनीस नजर केलेली. तिसरी गारेची, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीनें उडणारी, आंखूड, एकनळी, खुद्द बाईसाहेबांची, माहेराहून आलेली, आणि वाड्यांत तिला चिमणी म्हणत, कारण बाई तिनें ससे आणि तितर मारीत. चिमणी मांडिली तेव्हां मानकरी गालांत हंसले. धोंडोपंत बोलले, "सरकारांची रणगर्जा न्यावी. ती पाहून लोकांस सरकारच आले ऐसें वाटेल." शिदोजीराव बोलले, "वहिनीसाहेब, जोडनळी न्यावी. एक चुकला तर दुसरा बार तयार. आणि माझ्या नजराण्याचा मान राहील."

बाईसाहेबीं चिमूटभर धूळ उचलून सोडिली, ती मळ्याच्या अंगास गेली. मग रणगर्जेस हात लाविला, नळीवरून हात फिरविला, आणि क्षणभर डोळे भरले. बोलिल्या, "पंत, ही बंदूक माझ्या जिवाची आहे. पण हिचा तोडा दिवसभर पेटता ठेवावा लागतो. वारा मळ्याकडे आहे, तोड्याचा वास डुकरास आधीं पोंचेल. खालीं वाळलें पाचट. एक ठिणगी पडली तर राखावयास गेलों तो मळाच जाळून येऊं." धोंडोपंतांनीं शंका काढिली, "ठिणगी गारेसही असतेच कीं." बाईसाहेब बोलिल्या, "तिची ठिणगी चापाचा घोडा पडतांच उठते आणि विझते. तोडा मात्र अखंड जागा." मग जोडनळी भरून घेतली, गच्चीवरल्या मडक्यावर बार टाकिला, मडकें फुटलें, आणि लोकांनीं वाहवा केली. बाईसाहेब दिरांस बोलिल्या, "भावजी, बंदूक अस्सल आहे. पण दस्ता लांब. माझ्या खांद्यास बसतां बसत नाहीं. उंसांतून डुकर निघेल तेव्हां मी डुकर पाहूं कीं खांदा शोधूं? चिमणी डोळे मिटून उचलली तरी जागेवर बसते. आज हीच." शिदोजीरावांचा चेहरा उतरला. म्हणाले, "चिमणीनें पाटील मरत नसतो, वहिनीसाहेब. जोडनळी मी घेतों." बाईसाहेबीं म्हटलें, "जरूर घ्या. बांधाच्या दोहों टोकांस दोघे उभे राहूं. पहिला बार मात्र चालीप्रमाणें." शिदोजीराव मान हलवून घोड्यावर बसले.

मग स्वारी नांदुऱ्यास पोंचली. बाईसाहेबीं स्वहस्तें चिमणी भरिली. दारू घातली, गोळी गजानें बसविली, कानापाशीं रंजक, म्हणजे पेटवणीची चिमूटभर दारू, टाकिली, चापाची गार अंगठ्यानें चांचपिली, आणि वारा समोरून येईल ऐसें बांधाचें टोंक धरिलें. हाकारे ढोल वाजवीत उंसांत शिरले, कुत्रे भुंकूं लागले, आणि ऊंस ऐसा हलूं लागला जैसें आंत कोणी नांगर धरून चाललें आहे. काळा पाटील बाहेर आला तो बाईसाहेबांच्या बाजूस. बाईंनीं बंदूक उचलिली, परंतु अंतर पुष्कळ होतें, म्हणोन जनावर जवळ येऊं देत होत्या. पलीकडे शिदोजीरावांस तेवढा दम निघेना. एक क्षण त्यांचे मनांत आलें कीं, ही शिकार आपल्या हातची जाहली तर बोलणेंच खुंटलें, आणि त्याणीं एकामागें एक दोन्ही बार टाकिले. एका गोळीनें डुकराचा कान नेला, दुसरी मातींत गेली. डुकर गर्रकन फिरला आणि दिरांवर गेला. तोंडानें भरावयाची बंदूक. पुन्हा भरावयास सवड कैंची? शिदोजीराव मागें सरले, पाय पाण्याच्या पाटांत गेला, उताणे पडले, आणि डुकरानें मांडीस सुळा लाविला. हाकारे ओरडले, मानकरी झाडांवर चढले, आणि दिवाणांचें पागोटें उंसांत राहिलें.

बाईसाहेब धांवल्या नाहींत. धांवलें म्हणजे श्वास मोडतो आणि हात हलतो, हें त्यांस ठाऊक होतें. झपझप चालत गेल्या. नळींत बार एकच होता. डुकर आणि दीर एकमेकांत गुंतलेले. गोळी कोणास लागेल याचा भरंवसा नाहीं. मनांत आलें, चुकलें तर डुकर वांचेल, आणि अधिक चुकलें तर घरचा कर्ता पुरुष जाईल, आणि लोक म्हणतील वैरच साधलें. तें मनांतून काढून टाकिलें, अगदीं निकट जाऊन उभ्या राहिल्या, आणि ओरडल्या, "भावजी, उठूं नका! डोकें चिखलांत घाला!" शिदोजीरावांनीं डोकें घातलें. मग डुकरास बोलिल्या, "अरे ए पाटला, इकडे बघ!" माणसाचा आवाज इतक्या जवळून आला तेव्हां डुकरानें तोंड वर केलें, आणि बाईंनीं चाप ओढिला. गारेच्या बंदुकींत रंजक पेटते आणि मग बार सुटतो, मध्यें पापणी लवण्याइतका वेळ जातो. तेवढ्यांत पुष्कळांचा हात ढळतो. बाईंचा ढळला नाहीं. बार जाहला आणि सर्वत्र धूर कोंडला. कोण मेलें, कोण उरलें, कोणास दिसेना. मग धुरांतून शिदोजीरावांचा आवाज आला, "वहिनीसाहेब, हा माझ्या पायांवर पडला आहे. कोणी उचला हो!" धूर ओसरला तों काळा पाटील डोळ्यामागें गोळी घेऊन आडवा पडला होता.

डुकर ओढून काढिला, बाईसाहेबीं आपल्या शेल्याची पट्टी फाडून दिरांची जखम बांधिली. शिदोजीराव ओठ चावीत बोलले, "त्या दोन नळ्यांत मीं दारूपेक्षां घाईच जास्ती भरली होती." बाईसाहेब हंसल्या, म्हणाल्या, "मांडी बरी होऊं द्या. बंदुकीचा कांहीं दोष नाहीं." कोंडाई पुढें आली, डुकरास पायानें ढोसून पाहिलें आणि पदर डोळ्यांस लाविला. सायंकाळीं गांवची माणसें मळ्यांत उतरलीं.

पुढें जखम भरली तेव्हां सदर भरली. चालीप्रमाणें धोंडोपंतांनीं पुसिलें, "यंदाचा पहिला बार कोणाचा?" सभा एकमेकांकडे पाहूं लागली, कारण पहिला बार दिरांनीं टाकिला हें सर्वांनीं पाहिलें होतें. तेव्हां शिदोजीराव काठी टेंकून उठले, मुजरा केला, आणि भर सदरेंत बोलले, "पहिला बार माझा, आणि तो चुकला. गादीचा बार चुकत नसतो. यावरून गादी कोणाची, तें सभेनें समजून घ्यावें." मग सभेनें उठून मुजरे केले, आणि पहिला मुजरा दिरांचा होता.

ऐसें वर्तमान जाहलें, जैसें जाहलें तैसें लिहिलें. त्या डुकराचें वजन लोक दरसाल वाढवून सांगतात. लिहिणारानें वाढविलें नाहीं. वाचणारांचा नेम आणि श्वास स्थिर राहो. शुभं भवतु.