शिगेनोबाईंचा शिक्का

“साहेब, त्या फायली माझ्या हाताखाली वाढल्यात. पीडीएफ मीच करणार,” शिगेनोबाईंनी जाहीर केलं, आणि कुणी काही बोलायच्या आत खुर्ची पुढे ओढली.

जपानमधल्या तोयामाच्या त्या माशांच्या वड्यांच्या कारखान्यात मुख्यालयाचा हुकूम आला होता: मॅक्रोवाल्या वर्ड फायली बंद, सगळ्यांच्या पीडीएफ करा, जुन्या पुसून टाका. मॅक्रो म्हणजे फाईलच्या पोटात बसवलेली आज्ञा. ही आज्ञा शिगेनोबाईंनीच कधीतरी लिहिली होती. फाईल उघडली की सह्यांच्या चौकटीतले, सहीऐवजी मारलेले नावाचे लाल शिक्के डावीकडच्या विभागप्रमुख ओदागिरीसाहेबांच्या शिक्क्याकडे अदबीनं कलायचे. साहेबांसमोर शिक्क्यानंही वाकायचं, हा तिथला रिवाज.

पण खरी गोष्ट तामाकीची होती. विभागप्रमुखाखालची जागा रिकामी होती, आणि साहेबांचा कल, शिक्क्याचा नव्हे, मनाचा, या कालच्या पोरीकडे होता. तामाकीनं गावाहून आणलेली मिठाई दुपारपर्यंत फस्त. शिगेनोबाईंचे कोळंबीचे पापड मात्र डब्यात तसेच, म्हातारे होत बसलेले.

म्हणून बाईंनी आज्ञेत बारीकशी दुरुस्ती केली. तामाकीचा शिक्का ठेवला ताठ, म्हणजे उर्मट दिसेल. आपल्यासाठी लिहिलं, ‘आहे त्याहून थोडं आणखी वाक.’ फाईल उघडून पाहिली. काय तो नम्रपणा! स्वतःच्याच संस्कारांनी त्यांना भरून आलं.

मग सगळ्या फायली एकदम रूपांतराला लावून त्या जेवायला गेल्या. इकडे ते यंत्र प्रत्येक फाईल उघडी, पानं मोजी, जतन करून बंद करी. पुन्हा उघडी, चित्रं तपाशी, पुन्हा जतन करून बंद करी. दर उघडण्याला बाईंचा शिक्का थोडा आणखी वाकत होता. बाई परतल्या, ‘पूर्ण’ वाचलं आणि हुकमाप्रमाणे जुन्या फायली तत्परतेनं पुसून टाकल्या.

दुपारी मुख्यालयाच्या कुसाकाबाई पाहणीला आल्या. मोठ्या पडद्यावर पहिलं पान उघडलं. ओदागिरीसाहेबांनी मान तिरकी केली. मग कंबर.

“शिगेनोबाई, तुमचा शिक्का शीर्षासन का करतोय?”

“आणि पाय साहेबांकडे,” मागून कुणीतरी पुटपुटलं.

दुसरं पान. तिसरं. सगळीकडे बाई डोक्यावर उभ्या.

“हा एकच नीट वाचता येतो,” कुसाकाबाई तामाकीच्या शिक्क्यावर बोट ठेवून म्हणाल्या. “सरळ माणूस दिसतंय. बाकीच्यांचं काय बिघडलंय?”

तेवढ्यात तामाकी उठली. “चूक माझी आहे. तपासून घ्यायचं काम माझं होतं. ताईंना रागवू नका.”

मत्सराची हीच मोठी पंचाईत. समोरचं माणूस वाईट असेल तर मत्सर सुखात नांदतो. चांगलं निघालं की त्याला बसायला पाटसुद्धा मिळत नाही.

“चुकीची जबाबदारी घेणारं माणूसच हवं,” कुसाकाबाई साहेबांना म्हणाल्या, आणि जागा तामाकीला गेली.

नेमणुकीचा कागद छापून आला. मॅक्रोची धास्ती बसलेली, म्हणून शिक्के हातानं. तामाकीची चौकट साहेबांच्या शेजारी, बाईंची तिच्या उजवीकडे. म्हणजे आता वाकायचं ते तिच्याकडे. बाई लाकडी शिक्का धरून कितीतरी वेळ बसल्या.

“ताई, अगदी थोडंसंच हं,” तामाकी हळूच म्हणाली. “तुम्ही वाकलेल्या मला बघवत नाहीत.” आणि कोळंबीचा एक पापड तोंडात टाकून ती कुरुमकुरुम चावत राहिली. पापड केव्हाच मऊ पडले होते. कुरुमकुरुम हा आवाज ती स्वतःच तोंडानं काढत होती.

बाईंनी पापडाकडे बघतच शिक्का दाबला. तो उमटला भलतीकडेच, भिंतीकडे रुसून बसल्यासारखा.

ओदागिरीसाहेबांनी कागद उचलला, निरखला, सवयीनं मान तिरकी केली.

“चालेल,” ते म्हणाले. “या वेळी निदान पायांवर उभ्या आहात.”