मोठ्या सिस्टरांचे बिनआवाजी बूट

मोठ्या सिस्टरांनी नवे बूट घेतले आणि दोनच दिवसांत वीस खाटांच्या पुरुष वॉर्डातल्या झाडून सगळ्या पेशंटांचं प्रेशर चढलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं कोणाच्या स्वप्नातही आलं नाही. खुद्द सिस्टरांच्या तर नाहीच नाही.

मुळात त्यांना बूट बदलायचेच नव्हते. जुने काळे बूट नऊ वर्षांचे होते, त्यांचे तळ दोनदा बदलून झाले होते, आणि चालताना ते असे करकरत की सिस्टर जिन्यात असतानाच वॉर्डाला वर्दी मिळे. त्या आत पाऊल टाकत तेव्हा सगळे पेशंट चादरी ओढून शहाण्यासारखे पडलेले असत. दुपारी दोननंतर तर कोणी उशाशी लावलेली घंटासुद्धा वाजवत नसे. "माझ्या वॉर्डात शिस्त आहे," असं सिस्टर कँटीनमध्ये चारचौघींना ऐकवत, आणि सलग चार वर्षं उत्कृष्ट वॉर्डाची पाटी त्यांच्याकडेच आल्यामुळे चौघी गप्प बसत. पाचव्या वर्षाची तपासणी येत्या शुक्रवारी होती.

राहता राहिली डावी टाच. ती दुपारनंतर ठणकत असे, पण सिस्टरांनी हे जगात कोणाला सांगितलं नव्हतं. मुलीनेच एकदा त्यांना बाथरूमच्या स्टुलावर टाच चोळत बसलेलं पकडलं आणि रविवारी, ड्यूटी संपल्या संपल्या, घरी न नेता थेट बुटांच्या दुकानात नेलं.

"अगं, सकाळी ताज्या पायांनी आलो असतो," सिस्टर म्हणाल्या.

"ताज्या पायांचे बूट संध्याकाळी चावतात, आई. पाय सुजलेलाच मापाला द्यायचा."

दुकानदाराने आधी नाजूक निमुळते जोड काढले. मुलीने ते हातात घेऊन मधोमध वाकवले आणि परत दिले. बूट बोटांपाशी वाकला पाहिजे, मधे नाही. टाचेची वाटी दाबली तर दबता कामा नये. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. ओल्या फरशीवर घसरायला नको आणि काही सांडलं तर फडक्याने पुसता आलं पाहिजे. एवढं ऐकल्यावर दुकानदाराला घाम फुटला. शेवटी माळ्यावरून एक पांढरा, रुंद जोड खाली आला. सिस्टरांना तो होड्यांसारखा दिसला. पण दुकानात चार फेऱ्या मारल्यावर त्या पाचवी मारायला निघाल्या, तेव्हा मुलीने खोकं बांधायला सांगितलं.

सोमवारी सिस्टर वॉर्डात आल्या आणि कोणाला कळलंच नाही. सात नंबरचे मास्तर, निवृत्त शिक्षक, आठ नंबरशी पत्ते कुटत बसले होते. तीन नंबरचा मधुमेहवाला गृहस्थ साखरेचं बिस्कीट चहात बुडवत होता. सिस्टर दोन मिनिटं नुसत्या उभ्या राहिल्या. बावीस वर्षांच्या नोकरीतली शिस्त त्यांच्या डोळ्यांदेखत चहात विरघळली.

सकाळी दहाचं प्रेशर त्या स्वतः मोजत, हा त्यांचा जुना नेम. त्या एकेका खाटेशी अचानक उगवत गेल्या, पेशंट दचकत गेले, आणि दचकलेल्या दंडाला पट्टा गुंडाळून सिस्टर आकडे लिहीत गेल्या. मंगळवारी तरुण डॉक्टरांनी वीसच्या वीस कागद पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. औषधं वाढवण्याआधी कारण शोधू, असं ते म्हणाले. म्हणाले ते बरंच झालं. आधी प्रेशरचं यंत्र तपासायला गेलं. ते ठणठणीत निघालं. मग संशय जेवणातल्या मिठावर गेला. स्वयंपाकघराला मीठ निम्मं करण्याची चिठ्ठी गेली. आचारी मानी माणूस. त्याच्या हातावर आजवर कोणी बोट ठेवलं नव्हतं. त्याने रागाने मीठच बंद केलं.

झालं, आगीतून फुफाट्यात. बुधवारी निम्मी ताटं न चाखता परत गेली आणि गुरुवारी भेटीच्या वेळी नातेवाइकांनी पुड्या आणल्या. सिस्टर पावलाचा आवाज न करता फिरल्या आणि त्यांनी उशांखालून मिठाच्या अकरा पुड्या जप्त केल्या. प्रेशर अर्थातच आणखी चढलं. आता त्यात मीठ किती आणि सिस्टर किती, हे सांगणं डॉक्टरांनाही कठीण होतं.

आणि घंटा. ज्या वॉर्डात दुपारी दोननंतर घंटा वाजत नसे, तिथे ती आता सारखी वाजू लागली. कोणाला पाणी हवं, कोणाला खिडकी लावून हवी, कोणाला किती वाजले ते हवं. सिस्टर जात राहिल्या. टाच एकदाही ठणकली नाही, पण तिकडे लक्ष द्यायला त्यांना फुरसत कुठे होती? त्यांच्या मनात एकच गोष्ट घोळत होती: उद्या तपासणी आहे, आणि आपली बावीस वर्षांची अब्रू जाणार आहे.

शुक्रवारी तपासणीस बाई आल्या. त्याही एकेकाळी वॉर्डातच उभ्या राहिलेल्या, त्यामुळे थापांना फसणाऱ्यातल्या नव्हत्या. पहिलाच कागद पाहून त्यांनी विचारलं, सोमवारपासून अख्ख्या वॉर्डाचं प्रेशर कसं काय चढलं? डॉक्टर मिठाचं सांगू लागले. तेवढ्यात सिस्टर मागून आल्या आणि हलकेच "नमस्कार बाई" म्हणाल्या. बाई टुणकन उडाल्या आणि कागद जमिनीवर पसरले. डॉक्टरांनी बाईंकडे पाहिलं, मग सिस्टरांच्या पायांकडे, आणि त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"हे बूट कधी घेतले, सिस्टर?"

"रविवारी," सिस्टर पडेल आवाजात म्हणाल्या. मग त्यांनी स्वतःच सगळं सांगून टाकलं. पत्ते, बिस्किटं, पुड्या, घंटा, काही लपवलं नाही. "बाई, शिस्त माझी नव्हतीच. माझ्या जुन्या बुटांना भीत होते सगळे. पाटी यंदा दुसऱ्या वॉर्डाला द्या."

सात नंबरवरून मास्तर उठून बसले. "बुटांना कोण भीत होतं, सिस्टर? पत्त्यांचं म्हणाल तर तो आमचा गुन्हा, कबूल. पण घंटेचं तसं नव्हतं."

"मग कसं होतं?" बाईंनी विचारलं.

"दुपारनंतर करकर बदलायची. उजवा पाय नीट पडायचा, डावा ओढत यायचा. इथं पडल्या पडल्या दुसरं ऐकायचं तरी काय? मी भरती झालो तेव्हा या खाटेवरनं घरी निघालेल्या माणसानं मला सांगून ठेवलं होतं, दोननंतर घंटा वाजवायची नाही, पाणी शेजारच्याकडं मागायचं. त्याला त्याच्या आधीच्यानं सांगितलेलं. सोमवारी तो आवाज थांबला. आम्ही म्हटलं, सुटल्या बाई एकदाच्या दुखण्यातून. आता वाजवायला हरकत नाही."

सिस्टरांना रडू आलं, आणि रडण्याहून कितीतरी जास्त अभिमान वाटला. हा अभिमान त्या कँटीनमध्ये मिरवत तसला नव्हता. किती माणसं या खाटांवरून बरी होऊन गेली असतील, आणि प्रत्येकाने जाता जाता त्यांची टाच पुढच्याच्या हवाली केली होती.

बाईंनी पेन उघडलं. "शिस्तीच्या रकान्यात काय लिहू?"

"शून्य लिहा," सिस्टर म्हणाल्या. "आणि खाली लिहा, या वॉर्डात पेशंट सिस्टरची काळजी घेतात."

"त्याला रकाना नाही."

"मग समासात लिहा. पण लिहा."

बाईंनी लिहिलं. तेवढ्यात अकरा नंबरची घंटा वाजली. सिस्टर डोळे पुसून तिकडे गेल्या आणि काय हवं ते विचारलं.

"काही नको," अकरा नंबर ओशाळून म्हणाला. "तुम्ही आता कशा चालता ते बघायचं होतं."

एरवी त्यांनी त्याला चांगलंच फैलावर घेतलं असतं. आज त्यांनी टोपी सारखी केली, ताठ झाल्या आणि वीस खाटांमधून थेट दारापर्यंत चालत गेल्या. दोन्ही पाय सारखे पडत होते. दारापाशी त्या वळल्या आणि, कोणी मागितलं नव्हतं तरी, तशाच चालत परत आल्या.