चरबीच्या डब्यातले चार खड्डे

गर्व करणं पाप आहे, हे मला ठाऊक आहे. तरीही सांगते, भाज्या शिजवण्यात आमच्या मेथडिस्ट चर्चमध्ये माझा हात धरणारी बाई नाही! त्यामुळे हार्लनचा, माझ्या मुलाचा, फोन आला तेव्हा मी नुसती हसले.

"आई, रविवारी रोझलिनला जेवायला आणतोय. पण ती मांस खात नाही."

"एवढंच ना? मग भाज्या करीन!"

"भाज्यांमध्येसुद्धा नको."

"वेडा आहेस का? भाज्यांमध्ये मांस कोण घालतं?"

"तू," हार्लन म्हणाला.

मी शेगडीकडे पाहिलं. शेगडीवर आमचा डबा होता. सासूबाईंच्या सासूबाईंपासून चालत आलेला, ॲल्युमिनियमचा, झाकणाखाली गाळणी असलेला. सकाळी बेकन, म्हणजे डुकराच्या मांसाचे पातळ काप, तळलं की तव्यात उरलेली चरबी त्यात गाळायची आणि दिवसभर चमच्या-चमच्याने काढायची. फरसबीत एक, कोबीत एक, अंडी तळायला एक. हा डबा गेल्या साठ वर्षांत एकदाही रिकामा झालेला नाही. आणि खरं सांगते, त्यात मांस आहे हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. मीठ असतं तशी ती चरबी!

"पण का खात नाही ती?" मी विचारलं.

"नऊ वर्षांची असताना तिने जत्रेच्या स्पर्धेसाठी एक डुक्कर पाळलं होतं. बटन त्याचं नाव. त्याला पहिलं बक्षीस मिळालं, आणि त्याच दुपारी त्याचा लिलाव झाला. त्या दिवशी तिने शपथ घेतली. पंधरा वर्षं झाली, मोडलेली नाही."

आवडनिवड वेगळी आणि व्रत वेगळं! मी स्वतः व्रतं पाळणारी बाई. पहाटे पाच ते सात माझं मौन असतं, ओठांत स्तोत्रं म्हणत कामं करायची. दुसरं व्रत, खोटं बोलायचं नाही. एकोणीस वर्षं हे सांभाळलंय. यजमानांनी 'ही टोपी मला कशी दिसते?' असं विचारलं की मी कोंबड्यांना दाणे घालायला जाते. माझं व्रत मोडलं तर देवाच्या पाया पडता येईल. पण दुसऱ्याचं मोडलं तर? आणि तेही होणाऱ्या सुनेचं?

शनिवारी संध्याकाळी मी डबा काठोकाठ भरलेला, वर पांढरीशुभ्र साय धरलेला, असा उचलला आणि फडताळाच्या सगळ्यात वरच्या फळीवर, लोणच्याच्या बरण्यांमागे लपवला. सगळ्यांना बजावलं, "उद्या कुणीही हात लावायचा नाही!"

सासूबाई म्हणाल्या, "पाहुण्यांना उपाशी मारायचंय वाटतं!"

रविवारी पहाटे मौनात सगळं केलं. फरसबी, कोलार्डची पालेभाजी, कोबी, तिन्ही पातेली दुकानातल्या तेलावर मंद आचेवर ठेवली. मक्याच्या ब्रेडसाठी बिडाचा तवा ओव्हनमध्ये सारून ठेवला. ओठांवर एकशे एकोणिसावं स्तोत्र होतं, ते चांगलंच लांब आहे, त्यामुळे कामं कधी उरकली ते कळलंच नाही. मग चर्चला गेले. सासूबाई गुडघ्यामुळे घरीच होत्या.

परत आले, ओव्हन तापवला, तापल्या तव्यात पीठ ओतलं, तसा चर्रर्र आवाज झाला. समाधानाने मागे वळले आणि जागीच थिजले.

डबा शेगडीवर! आपल्या नेहमीच्या जागी, अगदी देवघरात देव बसावा तसा!

झाकण उघडलं. सायीवर चार खड्डे! एक मोठ्या पळीचा, एक चाकूने कापल्यासारखा सरळ, एक लहान चमच्याचा आणि एक मध्यम.

तेवढ्यात बाहेर गाडी वाजली. हार्लनबरोबर रोझलिन आली! गोड मुलगी, हातात झिनियाची फुलं. तिला बाहेरच्या खोलीत बसवलं आणि घरच्यांना स्वयंपाकघरात ओढलं.

"पळी कुणाची?" मी कुजबुजले.

सासूबाईंनी हनुवटी वर केली. "माझी. फरसबी चाखली. ओल्या वर्तमानपत्रासारखी लागत होती! माझ्या घरात असली फरसबी? एकच पळी घातली."

"आणि चाकू?"

माझे यजमान, हॉयट, जमिनीकडे बघत म्हणाले, "चर्चमधल्या संडे स्कूलच्या वर्गाच्या वेळात शेगडी बघायला आलो होतो ना, तेव्हा. कोलार्ड बिचारं केविलवाणं दिसत होतं गं, ओडेला."

"आणि हा चमचा?"

हार्लन खाकरला.

"तू?" माझा आवाज चिरकला. "तूच फोनवर सांगितलंस ना!"

"आई, तू चर्चमध्ये असताना मी येऊन गेलो, कोबी चाखला. मला वाटलं, रोझलिन म्हणेल याच्या आईला स्वयंपाकच येत नाही. अर्धा चमचा फक्त! प्रेमापोटी."

"आणि डबा खाली कुणी काढला?"

तिघंही एकदम म्हणाले, "तो शेगडीवरच होता!"

"खोटं बोलू नका! तो काय स्वतः चालत आला?"

"मी या गुडघ्याने स्टुलावर चढणार?" सासूबाई कडाडल्या. हॉयटनी चर्चच्या दिशेने हात उचलून शपथ घेतली. चौथा खड्डा कुणाचा, हेही कुणी कबूल करेना. पण विचार करायला वेळ कुठे होता? बाहेरून आवाज आला, "मिस ओडेला, मी काही मदत करू?" आमच्याकडे लग्न झालेल्या मोठ्या बायकांनाही आदराने 'मिस' म्हणतात.

जेवायला बसलो. प्रार्थना झाली. माझी मनातली प्रार्थना मात्र चालूच होती. रोझलिनने फरसबीकडे हात नेला, मी पातेलं उचलून हॉयटकडे दिलं. तिने कोबीकडे पाहिलं, हार्लनने अख्खा कोबी आपल्या ताटात ओतून घेतला.

"तुला कोबी एवढा आवडतो?" तिने विचारलं.

"जीव आहे माझा," तो तोंडात बोकाणा भरून म्हणाला. कोलार्ड सासूबाईंनी मांडीवर घेतलं, डुलक्या घेणारं मांजर घ्यावं तसं.

बिचारीच्या ताटात उरले टोमॅटोचे काप आणि मक्याचा ब्रेड. ब्रेड मात्र मी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या डोळ्यांदेखत केलेला. मी निर्धास्त होते. तिने एक तुकडा खाल्ला. मग दुसरा. मग तिसऱ्यावर मध घेतला.

"मिस ओडेला, याला खालून असा कुरकुरीतपणा कसा येतो हो? माझा नेहमी चिकटतो."

माझा ऊर भरून आला. "अगं, सगळी करामत तव्याची! बिडाचा तवा आधीच ओव्हनमध्ये ठेवायचा, चांगला लाल तापू द्यायचा, आणि त्याच्या तळाला चमचाभर..."

मी थांबले.

हात! माझे हात! मी स्तोत्र म्हणत होते आणि माझ्या हातांनी स्टूल ओढलं होतं, वर चढून डबा काढला होता, तव्याला चरबी फासली होती आणि चाळीस वर्षांच्या सवयीने डबा शेगडीवर ठेवला होता. मध्यम खड्डा! मधल्या आकाराचा तो चमचा माझ्याच एप्रनच्या खिशात होता!

"चमचाभर काय?" रोझलिनने विचारलं.

टेबलाखाली हार्लनने माझा पाय दाबला. हॉयटनी डोळ्यांनी 'लोणी म्हण' असं सांगितलं. एकच शब्द! पण एकोणीस वर्षं होती हो माझी. आणि तिची पंधरा.

"बेकनची चरबी," मी म्हणाले. "मी मुद्दाम नाही केलं, पोरी. पण मीच केलं."

तिने हातातला तुकडा हळूच खाली ठेवला. ती रडेल, उठून जाईल, हार्लन तिच्यामागे जाईल आणि मला नातवंडांचे फोटोसुद्धा दिसणार नाहीत, असं सगळं मला त्या एका क्षणात दिसलं. मग सासूबाई म्हणाल्या, "फरसबीत मी." हॉयट म्हणाले, "कोलार्डमध्ये मी." हार्लन कोबीच्या ताटाकडे बघत पुटपुटला, "आणि हे... हे मी."

रोझलिनने आमच्या चौघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"तूसुद्धा?" ती हार्लनला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "यांच्यापैकी कुणी तोंड उघडलं नव्हतं, मिस ओडेला. तुम्हाला लोणी म्हणता आलं असतं."

"मला नाही येत म्हणता."

ताट बाजूला सरकवून ती म्हणाली, "नकळत पोटात गेलं, त्याला मोडलं म्हणायचं की नाही, ते मी आणि बटन बघून घेऊ. पण पुढच्या रविवारी इथे मी रांधणार. माझी भांडी, माझं तेल. आणि तुमच्यापैकी कुणीही शेगडीजवळ फिरकायचं नाही!"

इथे मी रांधणार, म्हणाली! मला तर उठून नाचावंसं वाटलं.

ती आली, तीन पिशव्या भांडी घेऊन. आम्ही चौघं बाहेरच्या खोलीत हात मांडीवर ठेवून बसलो. मग जेवण झालं. फरसबी हिरवीगार होती, मोठ्या मायेने वाढलेली होती, आणि अगदी ओल्या वर्तमानपत्रासारखी लागत होती. हॉयट पाणी प्यायले. सासूबाईंनी छताकडे पाहिलं.

"मिस ओडेला," रोझलिनने डोळे चमकवत विचारलं, "कशी झालीये? तुम्ही तर खोटं बोलत नाही!"

मी दोन्ही हात जोडले, ओठांवर बोट ठेवलं आणि वर आकाशाकडे खूण केली. माझं पहाटेचं मौन आता दर रविवारी दुपारच्या जेवणानंतर सुटतं.