दोन अंडी आणि एक दार

दुसरा बार झाला तेव्हा शेजारच्या सुताराने हातातला घास ताटात टाकला. एकच आवाज असता तर तो म्हणाला असता, पडलं असेल काहीतरी. पण लागोपाठ दोन? आणि तेही टपालमास्तरांच्या घरातून! बायको जाऊन तीन महिने झाले होते, आणि तेव्हापासून मास्तर दिवसाकाठी चार वाक्यांवर पाचवं बोलत नव्हते.

"मास्तर! दार उघडा!"

आत चिडीचूप. दार सुतारानेच बसवलेलं, त्यामुळे खांदा कुठे मारायचा हे त्याला नेमकं ठाऊक. दुसऱ्या धक्क्याला बिजागरी निखळली. आत धूरच धूर, आणि धुरात शेगडीसमोर स्टुलावर मास्तर. कपाळाला पिवळा बलक, डोळ्यांत पाणी.

"मास्तर, अहो, हे काय करून घेतलंत?"

"अंडी उकडत होतो. झाकण ऐकत बसलो, पाणी कधी आटलं कळलंच नाही. दोन्ही फुटली."

सुताराने गॅस बंद केला आणि मास्तरांच्या लेकीला फोन लावला. "ताई, घाबरू नका. पण लगेच या."

आता त्यामागची गोष्ट ऐका. नात मागच्या रविवारी तिचा टॅब्लेट आजोबांकडे विसरून गेली होती. त्यात ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून होतं. एक मुलगी पातेल्यात अंडी उकडते, बस्स. बुडबुडे वर येतात, वाफेने खिडकीची काच धुरकटते, झाकण थडथडतं. ना मारामारी, ना लग्न.

"यात काही घडतच नाही गं," मास्तर फोनवर नातीला म्हणाले.

"आबा, तेच तर बघायचं असतं!"

मास्तरांनी तो भाग सात वेळा बघितला. आठव्यांदा लावण्याऐवजी ते उठले आणि बायकोचं पोचा पडलेलं पातेलं खाली काढलं. त्याचं झाकण कधी नीट बसलंच नव्हतं. माणसाला देव जन्मतःच कान देतो. ऐकू यायला मात्र कधीकधी सत्तरी उलटावी लागते.

लेक येईपर्यंत शेजाऱ्यांनी माया दाखवली. सुऱ्या नेल्या, दाढीचं पातं नेलं, कपडे वाळत घालायची दोरीसुद्धा सोडून नेली. त्यामुळे दुसऱ्या दिवशी लेकीने बोलावलेल्या मनोविकाराच्या डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा खुर्च्याखुर्च्यांवर ओले सदरे पसरलेले, आणि दाढीचे खुंट वाढलेला एक म्हातारा अख्खी काकडी दाताने तोडत बसलेला.

"दिवसभर काय करता?"

"सकाळी त्या भिंतीवर ऊन येतं. ते सरकतं. ते बघतो."

बाईंनी लिहून घेतलं. "आवाज वगैरे ऐकू येतात?"

"येतात की. झाकणाचा. आमची ही पस्तीस वर्षं ते वाजवत होती. मी बाहेरून ओरडायचो, बंद कर तो खडखडाट! आत येऊन कधी बघितलं नाही."

बाईंनी शेवटच्या ओळीखाली दोन रेघा मारल्या. बाहेर जाऊन त्या लेकीशी हळू आवाजात बोलल्या, आणि संध्याकाळी टेबलावर वृद्धाश्रमाचा फॉर्म आला.

"बाबा, मी नोकरी सोडून इथे बसू शकत नाही. सही करा."

"मला माझ्या घरात राहायचंय."

"अंडी फोडत?"

मास्तरांनी फॉर्म जवळ ओढला. मग पेन उचललं. "करतो. आधी चहा घेऊ. या घरातला शेवटचा."

"मी ठेवते. तुम्ही शेगडीपासून लांब बसा."

तिने हाताला आलं ते पातेलं घेतलं, पाणी ओतलं, झाकण ठेवलं. थोड्या वेळाने झाकण थडथडायला लागलं. लेकीचा हात साखरेच्या डब्यावर तसाच राहिला.

"शाळेतून येताना," ती म्हणाली, "हे जिन्यातच ऐकू यायचं. आई घरात आहे, हे वर यायच्या आधीच कळायचं."

मास्तर उठले. त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. ती बसली.

करपल्याचा वास पहिल्यांदा आला तो सुताराला. दार त्याने दुपारीच दुरुस्त केलं होतं. या वेळी एकाच धक्क्यात निघालं. तो आत आला तेव्हा लेक तापलेलं पातेलं फडक्यात धरून नाचत होती. ठेवायला जागा दिसेना म्हणून तिने ते टेबलावर आदळलं. खालून चर्र झालं. पातेलं उचललं तर वृद्धाश्रमाच्या फॉर्मवर सहीच्या जागी एक काळं गोल भोक.

सुतार मास्तरांकडे बघून मग लेकीच्या ओल्या डोळ्यांकडे बघत राहिला. "ताई," तो दबकत म्हणाला, "तुम्हीसुद्धा?"

"पाणी आटलं हो," लेक म्हणाली.

सुताराने खाली पडलेलं दार उभं केलं, बिजागरीचे स्क्रू खिशात टाकले. "उद्या बसवतो. आता जरा जाडच कडी लावतो."

"नको," लेक म्हणाली आणि पातेल्यात पुन्हा पाणी ओतलं. "कडी लावूच नका. आणि नेलेल्या सुऱ्या, दोरी, पातं सगळं परत आणून द्या. दाढी करायचीय त्यांना."