सेनाइदाचा मासा

लग्नाच्या वाढदिवसाला काय हवं, असं एव्हेलिओ किरोसनं बायकोला विचारलं, ते केवळ त्या दिवशी त्याचा गुडघा दुखत नव्हता म्हणून. उत्तर मिळेल अशी त्याची अपेक्षा नव्हती. दरवर्षी सेनाइदा "काही नको" म्हणायची आणि तो "बरं" म्हणायचा. पस्तीस वर्षं संसार असा सुरळीत चालला होता. या वेळी मात्र ती हातातलं भांडं खाली ठेवून म्हणाली, "मला पुन्तारेनासला जाऊन मासा खायचाय."

"मासा ना? शनिवारी बाजारातून आणतो की."

"आणायचा नाही. आणला की मीच करणार. समुद्रासमोरच्या खानावळीत जायचं, खुर्चीवर बसायचं. अख्खा पार्गो मासा, तळलेला. दुसऱ्या कुणीतरी तो आणून माझ्यापुढे ठेवायचा आणि मी नुसतं खायचं."

एव्हेलिओला धक्का बसला. त्यानं जन्मात बाहेर काही खाल्लं नव्हतं. दोताच्या डोंगरातली कॉफी ट्रकमध्ये भरून त्यानं आयुष्यभर बंदरांवर पोचवली. बाकीचे ड्रायव्हर रस्त्याकाठच्या खानावळींत शिरायचे, हा ट्रकच्या सावलीत बसून केळीच्या पानातली पुरचुंडी सोडायचा. काळा घेवडा घातलेला भात, अंडं, पिकल्या केळ्याचे तळलेले काप आणि थर्मासमध्ये घरची कॉफी. "आमच्या सेनाइदाच्या हाताची सर कुणाला नाही," असं तो भेटेल त्याला सांगायचा. बायकोचं याहून मोठं कौतुक काय असू शकतं, असं त्याला मनापासून वाटे. त्या पुरचुंडीसाठी कुणीतरी कोंबडं आरवायच्या आधी उठत असणार, हे काही त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. तो उठायचा तेव्हा पुरचुंडी ओट्यावर तयारच असायची. जणू झाडालाच लागायची.

तरी तो "जाऊ या" म्हणाला. चर्चच्या मंडळाची बस रविवारी पुन्तारेनासला निघणार होती, त्यात दोन जागा सांगून आला. सेनाइदानं पिवळ्या फुलांचा झगा इस्त्री करून दाराला टांगला.

शुक्रवारी एव्हेलिओ म्हणाला, "वाटेत भूक लागली तर? चार तमाल असू देत बरोबर."

आता चार तमालांसाठी कुणी मक्याचं पीठ भिजवत नाही. भिजवायचं तर पातेलंभर. सेनाइदानं सारण केलं, केळीची पानं शेकली, जोड्या जोड्या बांधून वाफवल्या. शनिवारी सकाळी एव्हेलिओला वाटलं, नुसते तमाल कोरडे होतील, एखादी कोंबडी असावी. कोंबडी आली तशी तिच्यामागून भाताचा डबा आला. दुपारी तो कॉफीची पूड आणि कापडी गाळणी पिशवीत भरू लागला.

"हे कशाला?" सेनाइदानं विचारलं.

"तिथल्या कॉफीचा काय भरवसा? समुद्राचंच पाणी गरम करून देत असतील."

"मासा तरी तिथला खाणार ना आपण?"

"तू खा की! तुझा वाढदिवस आहे," एव्हेलिओ उदारपणे म्हणाला. तो वाढदिवस आपलाही आहे, हे त्याच्या लक्षात राहिलं नव्हतं.

रविवारी पहाटे बस निघाली. ओरोतिनाच्या उतारावर दरड कोसळली होती, तिथे ती अडकली. पुढे ट्रक, मागे ट्रक, वर ऊन. पोरं रडायला लागली. मंडळाच्या अध्यक्ष ग्रिसेल्दाबाईंनी आधी सगळ्यांकडून प्रार्थना म्हणवून घेतली आणि मग विचारलं, "कुणाकडे खायला आहे का काही?"

एव्हेलिओ उभा राहिला. या क्षणाचीच तो वाट पाहत होता. "आहे म्हणजे काय! सेनाइदा, काढ."

कधी नव्हे ती सेनाइदाही उत्साहानं उठली. तिनं अख्ख्या बसला तमाल वाटले. कोंबडीचे तुकडे वाटले. कुणी पुरे म्हटलं तरी ऐकेना. "घ्या हो ग्रिसेल्दाबाई, एवढ्यानं काय होतंय? ड्रायव्हरदादा, तुम्ही तर काहीच घेतलं नाही. भात घ्या, डबा परत न्यायचा नाहीये मला!" दरड हटली तेव्हा टोपली रिकामी झाली होती. बायकोच्या चेहऱ्यावरचं समाधान पाहून एव्हेलिओला तिचा अभिमान वाटला. केवढं मोठं मन! टोपली रिकामी झाली की नवऱ्याला खानावळीत जेवावंच लागेल, हा त्यामागचा हिशेब त्याला कळला नाही. त्याच्या स्वतःच्या वाट्याला फक्त एक तमाल आला होता, तोही अर्धा ड्रायव्हरनं मागून घेतला.

पुन्तारेनासला पोचल्यावर सेनाइदानं नीट बघून खानावळ निवडली. पांढरे टेबलक्लॉथ, समोर वाळू, पलीकडे समुद्र, कठड्यावर तीन लठ्ठ पाणकोळी. ती खुर्चीत बसली. झगा गुडघ्यांवर सारखा केला, त्यावर रुमाल पसरला. वाढपी आला. दमलेल्या डोळ्यांचा, मिशा पिकलेला माणूस.

"अख्खा पार्गो," ती म्हणाली. लग्नात "हो" म्हणतानाही तिचा आवाज इतका स्पष्ट नव्हता.

"नशीब तुमचं बाई, शेवटचा राहिलाय. आणि साहेबांना?"

"मला फक्त कॉफी," एव्हेलिओ म्हणाला. पोटात कावळे ओरडत होते, पण आयुष्यभराचा नेम होता.

कॉफी आली. त्यानं एक घोट घेतला आणि कप असा खाली ठेवला, की शेजारच्या टेबलावरच्यांनी वळून पाहिलं. "ही कॉफी?"

"अहो, राहू द्या ना," सेनाइदा हळूच म्हणाली.

"राहू द्या कसं? आमच्या डोंगरातून चांगलं बी जातं आणि इथे त्याचे हे हाल?"

वाढपी आत गेला आणि मालकीण बाहेर आली. आर्खेन्तिनाबाई. अंगानं आडव्या, कमरेवर हात. "कोण म्हणतंय कॉफी वाईट?"

"मी. वाईट म्हणत नाही. कॉफीच म्हणत नाही."

"मग करून दाखवा."

आसपासचे लोक खुर्च्या वळवून बसले. एव्हेलिओनं पिशवीतून पूड काढली, गाळणी काढली, सगळ्यांना दिसेल अशी उंच धरली. आणि मग त्याला आठवलं, की कॉफी कशी करतात हे आपल्याला माहीत नाही.

"सेनाइदा," तो म्हणाला, "दाखव जरा यांना."

"मी बसलेय."

"दोन मिनिटांचं काम गं. माझं नाक कापू नकोस."

सेनाइदानं समुद्राकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. रुमालाची घडी घातली आणि ती आत गेली.

दोन मिनिटांचं काम दोन मिनिटांत झालं असतं, तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण उकळतं पाणी गाळणीत पडलं आणि वास बाहेर आला. शेजारच्या टेबलानं कॉफी मागितली. मग त्याच्या शेजारच्यानं. आर्खेन्तिनाबाईंनी स्वतः एक कप घेतला, डोळे मिटले आणि मोठं पातेलं चुलीवर चढवलं. तेवढ्यात बसमधली मंडळी वास काढत आली. "अरे, इथे आहेत होय! यांच्या तमालांना तोड नाही हो," ग्रिसेल्दाबाईंनी सगळ्या खानावळीला ऐकवलं. कुणीतरी म्हणालं, घेवड्याचा भातसुद्धा यांनी केला तर काय बहार येईल! आतून उत्तर यायच्या आधीच एव्हेलिओ बोलला, "करेल की! तिला काय, सवय आहे."

लोक त्याच्या पाठीवर थाप मारून जात होते. "नशीबवान आहात बुवा!" तो मान डोलवत होता. आतून फोडणीचा आवाज येत होता.

आणि मासा आला.

वाढप्यानं ताट सेनाइदाच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवलं. अख्खा लालबुंद पार्गो, अंगावर तिरक्या चिरा, कडा करकरीत, बाजूला कच्च्या केळ्याचे चेपून तळलेले काप आणि लिंबू. "बाईंना पाठवतो," असं म्हणून तो गेला. पण आत त्याच्याच हातात ट्रे कोंबला गेला असावा.

"सेनाइदा! गार होतंय!" एव्हेलिओनं हाक मारली.

"आले! एवढा भात उतरवते."

कठड्यावरचा एक पाणकोळी जरा जवळ सरकला. एव्हेलिओनं ताट आपल्याकडे ओढलं, निव्वळ राखणीसाठी. वाफ सरळ नाकात गेली. शेपटीची कड थोडी मोडली होती. एवढीशी कड. ती तर ताटातून अशीही पडलीच असती.

त्यानं ती तोंडात टाकली.

आपण साठीला आलो आणि हे काय आहे ते आपल्याला माहीत नव्हतं, असं त्याला वाटलं. मग शेपटीजवळचा तुकडा, कारण नुसत्या कडेवरून काही कळत नाही. मग एका बाजूचा थोडासा, म्हणजे तिला काटे काढायला सोपं जाईल. मग ती बाजू अर्धवट वाईट दिसायला लागली, म्हणून पुरी केली. एक बाजू तिच्यासाठी आहेच, असं स्वतःला सांगून त्यानं मासा उलटला. उलटल्यावर काय झालं ते त्याला नंतर कधीच नीट आठवलं नाही. पाणकोळ्यानं आपला मोर्चा दुसऱ्या टेबलाकडे वळवला, यावरून काय ते समजावं.

बसचा भोंगा वाजला. सेनाइदा पदराला हात पुसावेत तसे आर्खेन्तिनाबाईंच्या एप्रनला हात पुसत बाहेर आली. कपाळाला केस चिकटलेले, पिवळ्या फुलांवर घेवड्याचे काळे शिंतोडे. ती खुर्चीत बसली. तिनं ताटाकडे पाहिलं. डोकं, काटा आणि पिळलेलं लिंबू.

"अजून एक सांगू या," एव्हेलिओ कसाबसा म्हणाला.

"शेवटचा होता."

भोंगा परत वाजला.

"चांगला होता?" तिनं विचारलं.

आयुष्यभर बाहेरच्या प्रत्येक घासाला त्यानं न चाखताच नावं ठेवली होती. आज खोटं बोलणं किती सोपं होतं! पण जिभेवर अजून ती चव होती. "हो," तो म्हणाला. "फारच."

ती उठून बसकडे निघाली. रागावली असती तर बरं झालं असतं. बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि समुद्र संपेपर्यंत बाहेर बघत राहिली. आजूबाजूला सगळे अजून तिच्या भाताचंच कौतुक करत होते. प्रत्येक कौतुकासरशी एव्हेलिओ सीटमध्ये आणखी खाली घसरत होता.

पुढचे दिवस त्याला फार जड गेले. सेनाइदा नेहमीसारखंच करून वाढत होती, यानं तर जास्तच. एकदा तो मुद्दाम लवकर उठला, तर ती त्याच्याही आधी चुलीपाशी उभी. "तू रोज या वेळेला उठतेस?" त्यानं विचारलं. "मग तुम्हाला काय वाटलं?" ती म्हणाली. त्याला काय वाटलं होतं, ते सांगण्यासारखं नव्हतं.

शनिवारी तो म्हणाला, "उद्या जाऊ या परत. काही न्यायचं नाही. मी तोंड उघडणार नाही."

"मी जातेय उद्या," सेनाइदा म्हणाली. "एकटी. पहिल्या बसचं तिकीट काढलंय."

"एकटी? आणि माझं जेवण?"

तिनं फक्त त्याच्याकडे पाहिलं. "काही नाही, काही नाही," तो घाईनं म्हणाला.

रविवारी दिवसभर तो घरात येरझाऱ्या घालत होता. दुपारी भात करायला गेला, तळाला करपला, वर कच्चाच राहिला. तोच त्यानं खाल्ला. संध्याकाळी सेनाइदा आली. नाक उन्हानं लाल, चपलांत वाळू. त्यानं दारातच विचारलं, "मिळाला?"

"मिळाला."

"कसा होता?"

सेनाइदानं शांतपणे चपला झटकल्या. "इतका छान, की तुमची आठवणसुद्धा आली नाही."

एव्हेलिओला आनंद झाला आणि लागलंही, दोन्ही एकदम. मग म्हणाला, "परत जाणार आहेस?"

"पुढच्या रविवारी."

"मी येऊ?"

तिनं बराच विचार केला. "या," ती म्हणाली. "पण दुसऱ्या टेबलावर बसायचं."

पुढच्या रविवारी तो खरंच दुसऱ्या टेबलावर बसला, पार भिंतीशी, खांबाआड. तिथून ती दिसत होती. वाढप्यानं ताट पुढे ठेवलं, तशी ती त्याला काहीतरी म्हणून हसली. मग सावकाश काटा सोडवून एकेक तुकडा तोंडात टाकू लागली. मधेच थांबून समुद्राकडे पाही, बोटं चाटी, पुन्हा सुरू करी. कुठलीही घाई नव्हती. एव्हेलिओ बघत राहिला. ही जेवताना अशी दिसते, हे त्याला माहीत नव्हतं. घरी ती नेहमी त्याच्यानंतर जेवायची, बहुतेक उभ्यानंच. तोवर तो अंगणात जाऊन पेपर उघडून बसलेला असे.

वाढपी त्याच्याजवळ आला. त्यानं एव्हेलिओची नजर कुठे आहे ते पाहिलं. गर्दीचं ठिकाण, माणूस त्याच्या लक्षात राहिला नव्हता.

"ओळखीच्या आहेत का त्या बाई?"

"थोड्याशा," एव्हेलिओ म्हणाला.

"मग बोलावू इकडे?"

"नको, नको!" एव्हेलिओनं घाबरून त्याची बाही धरली. "जेवतेय ती. जेवू दे."