हायड्रोजनवाले बिरूतात्या

हायड्रोजनच्या गाडीबद्दल लिहितोय म्हणल्यावर तुम्ही चष्मा पुसून बसला असाल. पांढऱ्या कोटातला कोणी शास्त्रज्ञ येणार, काचेच्या नळीत बुडबुडे उठणार. तसलं काही नाही. येणार ते आमच्या शेजारचे बिरूतात्या, आणि तेही सायकलवर.

तात्या मूळचे सांगोल्याकडचे. घरची मेंढरं मोठ्या भावाच्या हवाली करून सोलापुरात आले आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर झाले. जॉबर म्हणजे माग बिघडला की ज्याला हाक मारतात तो. मीपण तिथंच, आयटीआय करून इलेक्ट्रिशियन म्हणून लागलोय. आमच्या कारखान्यात सायकलवर येणारी माणसं आता दोनच उरलीत. एक तात्या, दुसरे त्यांचे दोस्त नरसय्या. नरसय्या टॉवेलच्या घड्या घालतात, कोपऱ्याला कोपरा लावून, तेपण खाली न बघता. आम्हाला ती कला वाटायची.

कोणी नवी गाडी घेतली की पहिला पेढा तात्यांना. तात्या पेढा खातात, गाडीला एक फेरी मारतात, बोकड घेताना पाठ दाबतात तशी सीट दाबून बघतात आणि म्हणतात, "बरी हाय. पर हायड्रोजन येऊ दे की."

पेढा खाऊन दुसऱ्याचं तोंड कडू करणारा असा माणूस मी बघितला नाही.

एकेका गाडीचा पंचनामा ठरलेला. पेट्रोल म्हणजे, "वास मारतंय, धूर सोडतंय, आन निम्मी ताकद इंजान तापवण्यातच घालवतंय." सीएनजी म्हणजे, "गाडी चालवायची का पंपावर रांगंत हुबं ऱ्हायचं, येक काय ते ठरवा." मी बॅटरीची स्कूटर घेतली तेव्हा म्हणाले, "ही म्हंजी मोबाईलला चाकं लावल्यात. तासन्‌तास तारंला बांधून ठिवायची. आमचा हायड्रोजन पाच मिनटात भरला की निघाला. आन मागनं काय पडतंय? निव्वळ पाणी. सांगोल्यात असल्या गाड्या नुसत्या फिरवल्या तरी टँकर बंद."

मी म्हणलं, "तात्या, तो हायड्रोजन पाण्यातनंच काढायचा, वीज घालून. मग गाडीत त्याची परत वीज करायची. निम्म्यावर वीज वाटेतच जाते. त्यापेक्षा सरळ बॅटरीत घाला की."

तात्यांनी जरा विचार केला. "म्हंजी मेंढरं माळशिरसला न्ह्यायची आन परत सांगोल्याला आणायची."

"व्हय. आणि वाटेत निम्मी कमी."

"कमी हुत्यात ती हुत्यात. पर ऱ्हायलेली चरून येत्यात का न्हाय?"

सोलापुरात हायड्रोजनचा पंप कुठाय, असं विचारलं तर म्हणायचे, "म्हणून तर थांबलोय की."

मला नकलांचा नाद. शाळेत एकदा हेडमास्तरांच्या आवाजात सुट्टी जाहीर करून पाचवी ते सातवी घरी पाठवली होती. कारखान्यात सगळ्यांचे आवाज काढतो, पण डबे खाताना फर्माईश तात्यांचीच. नाकातनं निघणारा 'की', आणि मध्येच खाकरणं. तात्या स्वतः ऐकायचे आणि सुधारणा सांगायचे, "खाकरनं जरा लांबीव."

सकाळी रस्त्यावर तर फुकटचा खेळ. तात्या पुढं, नरसय्या मागं, आणि घरापासून कारखान्याच्या गेटापर्यंत हायड्रोजनवर भाषण, अख्ख्या रोडला ऐकू जाईल असं. टाकी केवढी, दाब किती, पाणी कुठनं पडणार. मध्येच, "हितं डाव्या अंगाला खड्डा बग. ह्यास्नी खड्डा बुजवता येईना, हायड्रोजन काय आणत्यात." नरसय्या एक शब्द बोलायचे नाहीत. मला वाटायचं, बिचारे किती सोसतात.

मागच्या महिन्यात एका सकाळी मी मागनं आलो. माझ्या स्कूटरला आवाज नाही, त्यामुळं दोघांनाही पत्ता नाही. तात्या पुढं गप्प झालेले, सायकलची घसरलेली चेन पायानंच जुळवत होते. मी नरसय्यांच्या उजव्या अंगाला आलो आणि तात्यांच्या आवाजात सुरू केलं, "तर नरसू, हायड्रोजनची टाकी कशी असती म्हाईतंय का..."

नरसय्यांनी हँडल माझ्याकडं वळवलं. मान वळवली नाही, नुसतं हँडल. माझ्या स्कूटरच्या पुढनं सरळ रस्त्याच्या मध्ये गेले. मागच्या टेम्पोनं करकचून ब्रेक मारला. नरसय्या पडले, टेम्पो त्यांच्या चाकापासनं वीतभरावर थांबला. ड्रायव्हरनं खाली उतरून आम्हा सगळ्यांच्या खानदानाची चौकशी केली आणि गेला.

नरसय्यांचं कोपर खरचटलं होतं. ते बसल्या जागी डबा शोधायला लागले. डबा त्यांच्या समोरच पडला होता, उन्हात चमकत. त्यांचा हात भलतीकडंच मातीत फिरत होता.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला.

"तात्या," नरसय्या म्हणाले, "तू एकदम उजवीकडं कसा गेलास?"

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. "खड्डा चुकवाया गेलो," म्हणाले, "माझंच चुकलं." आणि डबा उचलून नरसय्यांच्या हाताजवळ सरकवला. हातात दिला नाही.

जेवणाच्या सुट्टीत मला पॅनेलरूमच्या मागं बोलावणं आलं. तात्या रागावले की त्यांचा आवाज चढत नाही, उतरतो.

"डोळ्याचं आपरेशन झालं त्याला दोन वर्सं झाली. दिसणं काय वाढलं न्हाय. त्यानं मला सांगितलं न्हाय, मी त्याला इचारलं न्हाय. मालकाला कळलं तर घरी बसवंल. घरात त्यो येकटा. भिंतीकडं बघत बसल, ती बी दिसायची न्हाय."

"मग मागं बसवून आणू की. माझी स्कूटर आहे..."

"मागं बसवला की मालकाला कळतंय. आन त्यालाबी, की आपल्याला ठावं हाय."

मी हळूच विचारलं, "पण तात्या, रोज हायड्रोजनच का?"

"पेट्रोल दोन चौकात संपतंय, लेका. दर वाढला, म्हागाई झाली, खलास. बॅटरी पुलापतोर. हायड्रोजन एमआयडीसीपतोर पुरतोय. जे आलंच न्हाय, त्याच्यावर कितीबी बोलता येतंय."

मला हसू आलं. ते त्यांना दिसलं.

"दात काढू नगं. त्यो टेम्पोवाला डुलक्या खात असता तर आज कुणाला खांद्यावर घिऊन गेलो असतो आपून?" 

मी मान खाली घातली. चुकलं म्हणलं.

"चुकलं म्हणून भागत न्हाय. दोन वर्सं म्या येक खाडा केला न्हाय, गावची जत्रा सोडली. आता भाऊ आजारी हाय, परवा सांगोल्याला गेलंच पायजे. तवा परवा नरसय्याच्या म्होरं तू. माझी सायकल न्ह्यायची. सायकल का म्हणून त्यानं इचारलं तर सांग, बॅटरी उतरली. वाटंत गप बसायचं न्हाय. आन माझा आवाज काढलास तर याद राख. बोलायचं ते तुझ्या आवाजात."