साहेब घर पाहायले आले

कुलदीपच्या भाड्याच्या घराची समोरची खोली म्हणजेच त्याचं ऑफिस. तिथं बसून तो उंद्रीतल्या लोकांना घरांचे नकाशे काढून द्यायचा. त्या खोलीचं भाडं त्यानं धंद्याच्या खर्चात दाखवलं, तर आयकर खात्यानं हरकत घेतली: राहत्या घराचं भाडं हा धंद्याचा खर्च कसा? शेवटी निरीक्षक साहेब स्वतःच बघायला निघाले.

त्यांना आणायला स्टँडवर जाताना कुलदीप घरमालकीण सरस्वतीबाईंना घाईघाईत म्हणाला, "मावशी, साहेब घर पाहायले येऊन राह्यले. जरा लक्ष ठेवा."

सरस्वतीबाई हरखल्या. तिशी उलटली तरी कुलदीपचं लग्न जमत नव्हतं. आणि घर पाहायला माणसं कशासाठी येतात, हे काय त्यांना सांगायला हवं होतं?

साहेबांना घेऊन कुलदीप परतला आणि दारातच थिजला. टेबल नाही, कॉम्प्युटर नाही. त्या जागी दिवाण, त्यावर मोरांची चादर, आणि भिंतीवर कुलदीपचा जावळाचा फोटो! आतून भज्यांचा वास दरवळत होता.

"हे तुमचं ऑफिस?" साहेबांनी विचारलं.

सरस्वतीबाई पदर सावरत पुढं आल्या. "बसा न साहेब! पोरगं लय घरगुती हाये. घर सोडून कुठी जात नाई."

"म्हणजे राहतं घरच," साहेब पुटपुटले. "मग हे काम कुठं करतात?"

होणाऱ्या व्याह्याला पोरगा रिकामटेकडा वाटला तर? सरस्वतीबाईंना चेव आला. "हेच त त्याचं हापिस! सकाळपासून माणसाईची रीघ असते. तुमी येणार म्हणून आत्ताच सारं मागं ढकललं!"

त्यांनी मागच्या खोलीचं दार उघडलं. कांद्याच्या पोत्यांत टेबल, कॉम्प्युटर, नकाशांच्या गुंडाळ्या. आणि घर बांधायला निघालेले रंगराव बायकोशी हुज्जत घालत बसलेले. स्वयंपाकघर कोणत्या बाजूला घ्यायचं, ते ठरत नव्हतं.

"कुलदीप, काऊन बे?" रंगराव कावले. "नकाशा काढायले आलो, त मावशीनं टेबलच उचलायले लावला!"

साहेबांना हसू आवरेना. "पुरे झालं. खोली ऑफिसचीच आहे. तसाच अहवाल देतो."

"मंग पोरगी कवा दाखवता?" सरस्वतीबाईंनी विचारलं.

"कोणती पोरगी?"

"तुमची!"

"माझी? अहो, ती पाचवीत आहे!"

साहेब हसत हसत, भज्यांना हातही न लावता, निघून गेले. कुलदीपनं वाकून सरस्वतीबाईंचे पाय धरले. दिवाण, चादर, फोटो, सगळं त्यानं माफ करून टाकलं होतं. "मावशी, तुमी होत्या म्हणून वाचलो."

सरस्वतीबाईंनी भज्यांची ताटली त्याच्याकडं सरकवली आणि उसासा टाकला.

"माणूस लय साजरा होता रे. पोरगी तेवढी लहान निघाली."